खूण कोणाच्या अंगावर, निर्णय कोणाचा : मराठी कथनांतील स्त्री आणि धर्म एकत्र कसे वाचावेत

वाचनमंडळात, महाविद्यालयातल्या प्रकल्पात किंवा दिवाळी अंकासाठी लेख लिहिताना ‘या कादंबरीतील स्त्रीचे चित्रण’ असा विषय हाती आला की आपल्यापैकी बहुतेक जण ठरलेल्या वाटेने जातात. नायिका सोशिक आहे की बंडखोर, लेखक सुधारक आहे की सनातनी, एवढे ठरले की लेख पुरा होतो. विषय धर्माचा असेल तर हिंदू पात्रे किती, मुसलमान किती आणि त्यांतला दुष्ट कोण, अशी मोजदाद होते. या दोन्ही वाटा मला अपुऱ्या वाटतात, कारण मराठी कथनांत धर्म फार वेळा स्त्रीच्या अंगावरच लिहिलेला असतो : कपाळावर, गळ्यात, केसांत, डोक्यावरच्या पदरात. तो तिथून वेगळा काढून वाचायला गेलो तर धर्मही नीट कळत नाही आणि स्त्रीही कळत नाही. म्हणून दोन्ही एकत्र वाचण्याची जी पद्धत मी बरीच वर्षे वापरत आलो आहे, ती येथे सांगत आहे.

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर तीन प्रश्न लिहावेत. धर्माची खूण कोणाच्या अंगावर आहे? ती ठेवण्याचा किंवा काढण्याचा निर्णय कोण घेतो? आणि तो निर्णय होत असताना बोलतो कोण? पुस्तक पहिल्यांदा वाचताना वही बंद ठेवावी आणि गोष्टीत मन रमू द्यावे. जो वाचक पहिल्याच वाचनात पुरावे गोळा करायला बसतो, त्याला हवे तेच सापडते. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हाती घ्यावी आणि जिथे खूण येईल तिथला पृष्ठक्रमांक टिपावा. खूण या शब्दाचा अर्थ मोठा धरावा. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, बुरखा, क्रूस या तर खुणा आहेतच. पण उपास, सोवळे, विटाळाचे चार दिवस, लग्नानंतर बदललेले नाव, आरतीच्या वेळी कोण पुढे आणि कोण स्वयंपाकघरात, याही खुणाच आहेत.

टिपणे काढताना क्रियापदांकडे विशेष लक्ष द्यावे. मराठीत कर्ता गाळूनही वाक्य सहज पुरे होते, आणि नेमकी ही सोय अशा प्रसंगी लेखकाच्या किंवा बातमीदाराच्या मदतीला धावते. ‘तिने कुंकू पुसले’, ‘सासूने तिचे कुंकू पुसले’ आणि ‘तिचे कुंकू पुसले गेले’ ही तीन वाक्ये एकाच घटनेची असू शकतात. परंतु तिसऱ्या वाक्यात हात कोणाचा होता हे नाहीसे झालेले असते, आणि वाचकाला ती घटना पाऊस पडल्यासारखी, कोणीही न केलेली वाटू लागते. ‘केस काढले’, ‘लग्न लावून दिले’, ‘घरात बसवले’ अशी वाक्ये दिसली की समासात कर्त्याचे नाव लिहावे. ते मजकुरात सापडत नसेल तर प्रश्नचिन्ह करावे. एका कादंबरीत अशी दहा-बारा प्रश्नचिन्हे जमली की त्या कादंबरीबद्दल बोलायला आपल्याकडे खरोखर काहीतरी असते.

या पद्धतीचा सराव करायचा असेल तर दोन यमुनांपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगतो. बाबा पद्मनजी 1854 साली ख्रिस्ती झाले आणि 1857 साली त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली; विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. दुसरी यमुना हरि नारायण आपट्यांची. 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः छापल्या गेलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीत ती आपली कहाणी स्वतः सांगते, आणि वैधव्यानंतर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. दोन्ही पुस्तके विधवेच्या बाजूची आहेत, दोन्हींच्या लेखकांचा कळवळा खरा आहे, आणि तरीही वहीतली दोन पाने अगदी वेगळी भरतात. पहिल्या पुस्तकात एक धर्म हा रोग आहे आणि दुसरा धर्म हे औषध. यमुनेचे दुःख वाचकाला त्या औषधापर्यंत नेण्याचे काम करते. दुसऱ्या पुस्तकात औषध नाही. तिथे फक्त एका बाईचा आवाज आहे, आणि धर्म तिला भेटतो तो ग्रंथांतून नव्हे, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या हुकमातून. माझ्या मते हा दुसरा आवाज अधिक खोल जातो. पण एक गोष्ट येथेही विसरू नये. ‘मी’ म्हणून बोलणारी ही बाई एका पुरुषाने लिहिलेली आहे. म्हणून या दोन यमुनांच्या शेजारी ताराबाई शिंदे यांचे 1882 सालचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ ठेवावे. तिथे बाई देवालाच थेट जाब विचारते, शास्त्रकारांना विचारते, आणि मधे कोणी निवेदक नसतो. तीन पुस्तकांतील एकेक उतारा शेजारी शेजारी मांडून मोठ्याने वाचला तर मंडळातल्या नवख्या वाचकालाही फरक कानाने कळतो.

चित्रपट पाहताना शीर्षकापासूनच टिपणे सुरू करावीत. प्रभातचा 1937 सालचा चित्रपट घ्यावा. एका तरुण मुलीचे म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावले जाते आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते, ही त्याची कथा. मराठीत त्याचे नाव ‘कुंकू’, तर हिंदीत ‘दुनिया न माने’. कथा एकच, दिग्दर्शक शांतारामबापू एकच, नीरेच्या भूमिकेत शांता आपटे एकच; पण मराठी नाव बाईच्या कपाळाकडे बोट दाखवते आणि हिंदी नाव जगाकडे. मराठी प्रेक्षकाला ‘कुंकू’ या एका शब्दात सारी कोंडी समजणार, याची निर्मात्यांना खात्री होती, आणि ती खात्री हीच आपल्या अभ्यासाची खरी सामग्री आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचा ‘संत तुकाराम’ दाखवायचा असेल तर जिजाईच्या देवळातल्या प्रसंगाला थांबावे. घरात धान्य नाही, पोर आजारी, नवरा भजनात. ती पोराला ओढत विठ्ठलासमोर नेते आणि हाती वहाण घेऊन त्याला खडसावते. प्रेक्षागृहात या ठिकाणी हसू येते. भांडखोर बायको हा संतचरित्रांतला ठरलेला विनोद आहे आणि पुष्कळ समीक्षाही तिथेच थांबते. पण हा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहावा. तुकोबा देवाकडे डोळे मिटून पाहतो, जिजाई डोळे उघडे ठेवून पाहते, आणि त्या दगडाला ऐकू येते याबद्दल तिला तुकोबाइतकीच खात्री आहे. नाहीतर भांडायला कोण जाईल? मग वहीत प्रश्न लिहावा : याला चित्रपट भक्ती म्हणतो का? कॅमेरा त्या क्षणी तिच्या बाजूने आहे की आपल्या हसण्याच्या? उत्तर एका शब्दात येत नाही, आणि आले तर ते खोडून पुन्हा पाहावे. एवढे मात्र मला ठामपणे वाटते की स्त्रीची धार्मिकता म्हणजे निरांजन, हळदीकुंकू आणि मिटलेले डोळे, असे आपण धरून चाललो तर जिजाईसारखी भक्ती आपल्याला दिसणारच नाही.

दोन धर्म एकाच घरात येतात तेव्हा तिन्ही प्रश्नांची खरी परीक्षा होते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या 1972 सालच्या नाटकातला गणपतीच्या आरतीचा प्रसंग त्यासाठी घ्यावा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात ठेवणारा सखाराम, त्याने आणलेली देवभोळी लक्ष्मी, आणि त्याचा मित्र दाऊद. मुसलमानाने गणपतीची आरती म्हणणे लक्ष्मीला पटत नाही, ती तसे बोलते, आणि सखाराम तिला मारतो. नुसते धर्माचे चित्रण शोधणारा येथे सखारामाला उदार ठरवेल, आणि नुसते स्त्रीचे चित्रण शोधणारा लक्ष्मीला निव्वळ बळी ठरवेल. दोन्ही अर्धे आहे. धर्माच्या बाबतीतले औदार्य येथे बाईच्या पाठीवर वळ उठवून सिद्ध होते, आणि जिला घरात कसलाही अधिकार नाही, ती बाई आपला एकमेव अधिकार परधर्मीयाला दूर ठेवण्यात शोधते. पुढे हीच लक्ष्मी, सखारामाने तिच्यानंतर घरात आणलेली चंपा आणि दाऊद यांच्या संबंधाची बातमी सखारामाच्या कानावर घालते, आणि शेवट खुनापर्यंत जातो. असा प्रसंग मिळाला की एका पात्राची बाजू घेऊन टिपण लिहू नये. प्रत्येक पात्राच्या हाती त्या क्षणी कोणती सत्ता आहे आणि ती कोणावर चालते, हे चार वाक्यांत लिहावे.

मुसलमान आणि ख्रिस्ती स्त्रियांच्या चित्रणात आणखी एक तपासणी करावी लागते, ती भाषेची. आपल्या चित्रपटांत आणि मालिकांत मुसलमान पात्र आले की ते मोडके हिंदी बोलू लागते. वास्तविक कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत कोकणी आणि मराठी या घरच्या भाषा आहेत, आणि शेख महंमद यांच्यासारखा श्रीगोंद्याचा संत मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेला आहे. ख्रिस्ती बाई म्हटली की फ्रॉक आणि कार्यालयातला टंकयंत्राचा टेबल, असे चित्र कित्येक वर्षे चालले. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती बायका लाल लुगडे नेसत आल्या, हे त्या चित्रात कुठेच नव्हते. म्हणून अशा पात्राची वाक्ये वेगळी उतरवून काढावीत आणि पाहावे : ती मराठी बोलते का, तिला धर्माखेरीज काही काम, हौस किंवा रोजची कटकट आहे का, ती दुसऱ्या बाईशी एखाद्या साध्या विषयावर बोलते का.

मालिकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मजकुरापेक्षा वेळापत्रक अधिक बोलते. वटपौर्णिमा, मंगळागौर, गणपती, नवरात्र या दिवसांच्या आसपासचे आठवडाभराचे भाग सलग पाहावेत आणि व्रत न करणारी बाई त्यात आहे का, असल्यास तिला कथेत काय भोगावे लागते, एवढेच टिपावे.

बातम्यांचे वाचन याहून नाजूक आहे, कारण तिथे खऱ्या बायका असतात. 2016 साल त्यासाठी फार उपयोगी आहे. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयासमोर शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न आला आणि हाजीअलीच्या दर्ग्याचाही. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. 26 ऑगस्टला न्यायालयाने हाजीअलीच्या गाभाऱ्यात स्त्रियांना जाऊ द्यावे, असा निकाल दिला. ग्रंथालयात बसून या दोन दिवसांच्या पुढच्या-मागच्या अंकांतली कात्रणे काढावीत. एका वादाला ‘परंपरा’ आणि दुसऱ्याला ‘कट्टरता’ असे शब्द कोणी वापरले आहेत का, हे पाहावे. हाजीअलीच्या याचिकेत असे म्हटले होते की 2012 पूर्वी स्त्रियांना आत जाता येत होते. हा मुद्दा कोणत्या बातमीत आला आणि कोणत्या बातमीने ती बंदी अनादि काळापासूनची असल्यासारखी लिहिली, हेही पाहावे. त्याच जानेवारीत शिंगणापूरच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी एक स्त्री आली होती आणि तिने प्रथेची बाजू घेतली होती, हे विसरू नये. निर्णय घेणारी बाई असली म्हणजे निर्णय बायकांच्या बाजूचा असतोच असे नाही.

या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. 18 एप्रिल 1966 रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत सचिवालयावर चालत गेल्या. त्याबद्दल लिहिताना मी कित्येक वर्षे ‘हमीद दलवाईंचा मोर्चा’ असे लिहीत आलो. मुस्लिम समाजसुधारक दलवाईंनी तो काढला हे खरेच आहे, आणि त्यांचे धैर्य मोठे होते. पण चालल्या त्या सात जणी, आणि त्यानंतर आपापल्या मोहल्ल्यात परतल्या त्याही त्याच. पुढे त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन वाचताना मला माझ्याच जुन्या लेखातले वाक्य आठवले आणि ते टोचले. मी कर्ता बदलला होता, तोही आदराच्या भरात. तेव्हापासून टिपण पुरे झाले की मी एक शेवटची फेरी मारतो : ज्या बाईच्या अंगावर खूण होती, तिचे स्वतःचे एक तरी वाक्य माझ्या टिपणात अवतरणचिन्हांत आले आहे का, हे तपासतो. आले नसेल तर पुन्हा मूळ मजकुराकडे जावे. तिथे ती बोललीच नसेल, तर आपल्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तसे स्पष्ट लिहावे आणि मग पुढचे विवेचन करावे.