एमआरआय चांगला आलाय, मग त्रास कशाचा? मेंदूच्या शेकानंतर काय करायचं

आईच्या मेंदूतल्या गाठीचे शेक, म्हणजे रेडिएशन, संपले तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, तीस शेक. आणि दीड महिन्याने बाई दिवसदिवस झोपायला लागली, ताटावर बसल्याबसल्या डुलकी. एमआरआय केला तर "विशेष काही नाही" म्हणाले, घरात मात्र विशेषच चाललेलं.

तर आधी एक वही करा. तारीख, काय झालं, किती वेळ टिकलं, कुठली गोळी किती वाजता घेतली. "थकवा आहे" असं मोघम नको, "जिन्यात दोनदा बसली" असं लिहा. मधेच एकटक बघत राहणं, तोंडाची किंवा हाताची थरथर असं काही दिसलं तर व्हिडिओ काढा, लहान फिट अशाही असतात आणि ओपीडीत नेमक्या कधीच येत नाहीत.

शेक संपून किती दिवस झाले तेही वहीत हवं, कारण त्यावर बरंच ठरतं. पहिल्या काही महिन्यांतली गाढ सुस्ती बरेचदा आपोआप कमी होते, आईची झाली. याच काळात कधीकधी एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसते आणि ती नुसती शेकाची प्रतिक्रिया निघते, म्हणून परफ्युजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा) करायचा की थोडं थांबून परत फोटो काढायचा हे विचारा. सहा महिन्यांनंतर, अगदी काही वर्षांनीसुद्धा, शेकाच्या जागी पेशी मरून सूज येऊ शकते, विसरायला होतं, ऐकू कमी येऊ शकतं.

मग गोळ्या बघा. डेक्साने (डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टेरॉइड) झोप उडते, शुगर वाढते, आणि मांड्यांची ताकद जाते, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले तर हे आठवा. पण म्हणून डेक्सा स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. फिटच्या लेव्हेटिरासिटामने काही लोक भयंकर चिडतात. आम्ही आईलाच बोलत होतो, स्वभाव बदलला म्हणून. आता वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त राहून जातं ते हार्मोन. शेकाच्या वाटेत पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली, बाकीच्या हार्मोन ग्रंथींना हुकूम देणारी ग्रंथी) आली तर ती हळूहळू, वर्षांनी मंदावते. दोन वर्षांनी आई परत गळून गेली, मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. टीएसएच (पिट्युटरी थायरॉइडला पाठवते तो हुकूम) नॉर्मल, त्यामुळे थायरॉइड नाही म्हणून सांगितलं एकांनी. पण पिट्युटरीच बिघडली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतं, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) सोबत बघावं लागतं, तिचं तेच कमी निघालं. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉलही (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तेही पिट्युटरीच्या हुकुमावर चालतं) करायचं (स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा, रिपोर्ट फसवा येतो). कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉइडची गोळी आधी सुरू करत नाहीत, म्हणून हे एंडोक्रायनोलॉजिस्टकडेच, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडेच, न्या.

घरी जमेल तेवढं: महत्त्वाची कामं सकाळी, एका वेळी एकच, टीव्ही बंद करून बोलणं, दुपारी अर्धा तास झोप, संध्याकाळी चालणं. आणि "मनाचे खेळ आहेत" म्हणणाऱ्या नातेवाईकांना चहा पाजून वाटेला लावा.

फिट पाच मिनिटांच्या वर गेली, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, वाढत्या डोकेदुखीसोबत उलट्या किंवा गुंगी आली, तर वही बिही नको, सरळ १०८.

एरवी ओपीडीला जाताना वहीच्या पहिल्या पानावर तीनच प्रश्न. आमचा पहिला ठरलेला: गाठ नाही हे कळलं डॉक्टर, मग गोळी, सूज, फिट, हार्मोन यातलं काय काय तपासून झालंय?