आमदारांच्या ऑफिसात काम करायचं असेल तर

राज्यशास्त्रात एमए झाल्यावर मी पुण्यातल्या एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात लागलो. भाऊंचं बोहरी आळीत रंग आणि हार्डवेअरचं दुकान होतं. आधी नगरसेवक, मग आमदार. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात आवक-जावक रजिस्टर दिलं. म्हणाले, "ही आपली उधारीची वही समज. ज्याचं नाव चढलं, त्याचं देणं लागतो आपण."

या कामात येणाऱ्यांनी आधी कोणतं काम कुणाच्या दारातलं, हे पाठ करावं. ड्रेनेज महापालिकेचं, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, विजेचा खांब महावितरणचा. सगळे मागतात मात्र आमदारांचं पत्र. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. हे मला माहीत होतं, तरी एका मावशींना मी नुसतं पत्र देऊन पाठवलं. उत्पन्नाचा दाखला नव्हता, त्या परत आल्या. नवरा ॲडमिट असताना त्यांचा अख्खा दिवस माझ्यामुळे गेला. तेव्हापासून रेशनकार्ड आणि दाखला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पत्र टाइप करत नाही.

अधिवेशनाचं काम वेगळं. विधानसभेत 288 सदस्य, त्यामुळे तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) दिला म्हणजे तो सभागृहात पुकारला जाईलच असं नाही. प्रश्न नेमका हवा: कोणता रस्ता, किती निधी मंजूर, काम कधीपासून बंद. हे खणून काढणं आपलं काम. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जायची तयारी ठेवा.

धंदा करणाऱ्या आमदाराकडे असाल तर लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 9 अ नीट वाचा. राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा करार आपल्या धंद्यातून चालू असेल, तर आमदार अपात्र ठरतो. भाऊ एका सरकारी खात्याला रंग पुरवायचे. अर्ज भरण्याआधी त्यांनी उरलेला सगळा माल पोचवला, पोच घेतली आणि पुढची ऑर्डर नाकारली. बिल तेव्हा थकलेलं होतं. पण आपल्या बाजूचं काम पूर्ण झालं असेल, तर सरकारकडून पैसे यायचे राहिले म्हणून करार चालू धरला जात नाही. त्या पोचपावत्या अजून ऑफिसच्या कपाटात आहेत. प्रत्येक निवडणुकीआधी मी त्या काढून तपासतो.