माध्यम-पासांची तयारी: आधी गेट, मग फॉर्म

गेल्या वर्षी गोव्यातल्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या एका अंतिम सामन्यासाठी पत्रकारांना प्रवेश-पास देण्याची आमची ऑनलाइन व्यवस्था अगदी चोख होती. ५२ अर्ज आले, छाननी वेळेत झाली, प्रत्येकाला क्यूआर कोड असलेला पास ईमेलने गेला; आणि सामना सुरू होऊन २० मिनिटे झाली तरी एका मराठी दैनिकाचे ज्येष्ठ छायाचित्रकार खांद्याला कॅमेऱ्याच्या दोन पिशव्या लावून गेटबाहेर उन्हात उभे होते. मोबाइलवरचा पास त्यांनी तीनदा दाखवला. रक्षकाचे एकच उत्तर होते, ‘म्हाका कोणें कांय सांगूंक ना’, मला कोणी काही सांगितलेले नाही. तो खरेच बोलत होता. सामन्यातला एकमेव गोल १२व्या मिनिटाला होऊन गेला होता आणि दुसऱ्या दिवशी त्या दैनिकात फक्त चषकवाटपाचे छायाचित्र आले, तेही आम्हीच पाठवलेले. म्हणून या वर्षीच्या तयारीत पहिले काम गेटचे: कोणत्या गेटने माध्यमांना आत घ्यायचे हे फॉर्म तयार करण्यापूर्वी ठरवावे, कारण ते वाक्य फॉर्मवर, पासवर आणि गेटवरच्या माणसाच्या हातातल्या कागदावर एकसारखेच हवे.

अर्ज सामन्याच्या १५ दिवस आधी खुले करावेत आणि ५ दिवस आधी बंद. नाव, संस्था, मोबाइल, ईमेल यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. फॉर्म कोणाच्या खात्यातून निघतो याकडे मात्र लक्ष द्यावे. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या खात्यातून तो काढला, तर विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि सगळ्या अर्जांच्या चाव्याही त्याच्याच खिशात जातात. क्रीडा विभागाचे स्वतंत्र खाते असावे. गुगल फॉर्ममध्ये फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवल्यास अर्जदाराला गुगल खात्यातून आत यावेच लागते, हे निमंत्रणाच्या ईमेलमध्येच लिहावे. नाहीतर ‘फॉर्म उघडत नाही’ असे फोन घेण्यात एक अख्खी सकाळ जाते. वार्ताहर, छायाचित्रकार की व्हिडिओ, हा प्रश्न टाळू नये, कारण गोलपोस्टच्या मागे बसणारे आणि पत्रकार कक्षात बसणारे यांचे पास वेगळ्या रंगांचे लागतात.

आधार कार्डाची प्रत मागू नये. ती कशासाठी हवी, असे विचारल्यावर गेल्या वर्षी आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. संस्थेचे ओळखपत्र आणि चेहरा स्पष्ट दिसणारे एक छायाचित्र एवढे पुरते. अर्जांची शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसेल अशी ठेवली गेली नाही ना, हे स्वतः दुसऱ्या मोबाइलवरून उघडून पाहावे. कोणी तरी तपासले असेल यावर विसंबू नये.

छाननीत वेळ जातो तो नावांत. गोव्यात नाईक हे आडनाव रोमन लिपीत कोणी ‘के’ने संपवतो, कोणी जुन्या पोर्तुगीज वळणाने ‘क्यू, यू, ई’ने, बातमीवरचे नाव एक, ओळखपत्रावरचे दुसरे आणि संपादकांच्या ईमेलमधले तिसरे. अर्जात ‘ओळखपत्रावर आहे तसेच नाव’ अशी सक्त सूचना द्यावी आणि पासवर तेच छापावे. माहिती आणि प्रसिद्धी खात्याचे अधिस्वीकृती कार्ड, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचे ओळखपत्र, असलेल्यांची छाननी मिनिटाभरात आटोपते. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातून दोन वृत्तपत्रांना बातम्या पुरवणाऱ्या वार्ताहराने दोन अर्ज भरले असतील, तर ती लबाडी समजू नये. पास एकच द्यावा आणि दोन्ही संस्थांची नावे त्यावर घालावीत. पोर्टल आणि यूट्यूब वाहिन्यांकडून अलीकडच्या तीन क्रीडावृत्तांच्या लिंक मागाव्यात. ज्यांना त्या देता येत नाहीत त्यांना फुकट सामना पाहायचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यांच्यासाठी प्रेक्षक गॅलरी आहेच. नकार कळवायचा तो दोन दिवस आधी, कारणासह. गेटवर नकार देण्याची वेळ आणू नये.

पासवरच्या क्यूआर कोडात नाव किंवा मोबाइल क्रमांक न भरता फक्त अनुक्रमांक भरावा. एकाच पासचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवरून तिघांकडे पोचतो, म्हणून पहिल्या स्कॅनला शीटमध्ये खूण पडली पाहिजे आणि पासवर चेहरा दिसला पाहिजे. मैदान भरले की मोबाइलचे नेटवर्क मंदावते. तेव्हा स्कॅन करणाऱ्याकडे छापील यादी हवीच.

आणि ती यादी गेटवर हवी. कार्यालयात नव्हे, क्रीडा संचालकांच्या फाइलमध्ये नव्हे, गेटवर. ए-फोर कागदावर नाव, संस्था, अनुक्रमांक आणि अंगठ्याएवढे छायाचित्र, अशी तीन-चार पाने. वरच्या पानावर पासचा रंगीत नमुना, मोबाइलवर तो जसा दिसतो तसाच. रक्षक बहुधा कंत्राटी संस्थेचे असतात आणि दुपारी पाळी बदलते. आम्ही सकाळच्या रक्षकाला सगळे नीट समजावून सांगितले होते; दोन वाजता तो घरी गेला. त्यामुळे दोन्ही पाळ्यांना, प्रत्येक गेटवर, समोर उभे राहून, मोबाइलवर पास उघडून दाखवावा आणि ‘हा दिसला की आत सोडायचे’ हे त्यांना समजेल त्या भाषेत, कोंकणीत किंवा हिंदीत, सांगावे. त्यांच्या पर्यवेक्षकाला फोन केला म्हणजे काम झाले, असे मानू नये. फातोर्ड्याला खेळ असो, म्हापशाच्या धुळेरला असो की वास्कोच्या टिळक मैदानावर, जागा बदलली की गेटही बदलते, रक्षकही बदलतात. मागच्या सामन्याला सांगितले होते हे कारण चालणार नाही. माध्यमांचे गेट सोडून इतर गेटांवरही नमुना लावावा, कारण पणजीहून घाईत आलेला माणूस समोर दिसेल त्या गेटवर जातो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावा. आमच्या पहिल्या पानावर चहा सांडला होता.

सामन्याच्या दिवशी गेटवर आपला एक माणूस चार्ज केलेला मोबाइल घेऊन सामन्याआधी दीड तास उभा राहावा आणि सुरू झाल्यावरही अर्धा तास त्याने जागा सोडू नये. ऐनवेळी बदली वार्ताहर येणारच. संपादकांचा त्यांच्या कार्यालयीन ईमेलवरून निरोप आल्यावर जुना अनुक्रमांक रद्द करून नवा द्यावा आणि तो गेटवरच्या कागदावर पेनाने लिहावा. शीटमध्ये केलेला बदल रक्षकाला दिसत नाही.

गोलरक्षकामागे बसणाऱ्यांना क्रमांकित बिब, म्हणजे कपड्यांवरून घालायचे बिनबाह्यांचे जाकीट, द्यावे आणि ओळखपत्र ठेवून घ्यावे, म्हणजे बिब परत येते. संघांच्या याद्या, वायफाय, पाणी, खुर्च्या हे नेहमीचे.

सामना संपल्यावर फॉर्म बंद करावा, आठवड्याभरात ओळखपत्रांच्या प्रती ड्राइव्हमधून आणि ड्राइव्हच्या कचरापेटीतूनही काढाव्यात. गेटवरचे कागद त्याच संध्याकाळी मोजून परत घ्यावेत. त्यांवर लोकांची छायाचित्रे असतात.