डिस्क नसलेले सर्व्हर स्टोरेजवरून बूट करताय? या चुका टाळा

पणजी-पर्वरीचं ऑफिस असो की वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, पावसाळ्यात वीज जाते आणि परत आली की रॅकमधलं सगळं एकदम सुरू होतं. डेटाबेस क्लस्टरचे नोड (एकत्र काम करणारे सर्व्हर) स्वतःच्या डिस्कशिवाय, आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) शेअर्ड स्टोरेजवरून बूट होत असतील तर पहिला घोळ इथेच होतो. नोड लगेच बूट मागायला लागतो, स्टोरेजचे कंट्रोलर मात्र अजून तयार झालेले नसतात. पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करायची सोय) थोडे प्रयत्न करून थांबतं आणि नोड काळ्या स्क्रीनवर अडकतो.

म्हणून नोडच्या बायॉसमधला 'वीज आली की आपोआप चालू' हा पर्याय बंद ठेवा. आधी स्विच, मग स्टोरेज, मग डीएचसीपी-टीएफटीपी सर्व्हर (नोडला आयपी पत्ता आणि बूट फाइल देणारा) आणि शेवटी नोड, तेही एकेक करून. डीएचसीपी सर्व्हर त्याच क्लस्टरच्या नोडवर व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवू नका. तो उठल्याशिवाय नोड उठणार नाही आणि नोड उठल्याशिवाय तो. स्विचवर जुनं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले लूप टाळणारी पद्धत) असेल तर लिंक लागल्यावरही पोर्ट १५ अधिक १५ असे ३० सेकंद डेटा पुढे सोडत नाही, तोवर डीएचसीपीची विनंती वाया जाते. नोडची पोर्टं 'एज पोर्ट' करून टाका, म्हणजे ही वाट पाहणं टळेल.

दुसरी चूक इमेज क्लोन करताना होते. एका नोडची बूट डिस्क कॉपी करून दुसऱ्याला दिली, पण आतलं इनिशिएटरचं नाव (स्टोरेज नोडला ज्या नावाने ओळखतं ते) तेच राहिलं. मग स्टोरेजला दोन्ही नोड एकच वाटू शकतात. दुसऱ्याने लॉगिन केलं की पहिल्याचं सेशन तुटतं, पहिला परत जोडला की दुसऱ्याचं. दोन नोड आळीपाळीने अडकत असतील तर केबल बदलत बसण्याआधी ही नावं तपासा. मशीन आयडी आणि एसएसएच की सुद्धा प्रत्येक नोडला नव्या हव्यात.

बूट लन (स्टोरेजने नोडला दिलेली बूट डिस्क) एकाच नोडला दिसला पाहिजे. डेटाचे लन सगळ्यांना दिसतात म्हणून घाईत सगळंच एका होस्ट ग्रुपमध्ये (तेच लन दिसणाऱ्या नोडांच्या गटात) टाकू नका. एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ दोन नोडांनी एकाच वेळी माउंट केली की फाइल सिस्टिम गेलीच समजा.

बूट नीट होतं, पण लोड आला की नोड गोठतो? एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघा. वाटेतला एखादा स्विच १५०० वरच राहिलेला असतो आणि नोड ९००० ने पाठवत असतो. पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग स्टोरेजपर्यंत पाठवून पाहा. तो गेला नाही तर दोष सापडला.

आता सगळ्यात त्रासदायक प्रकार. पिंगला उत्तर येतं, क्लस्टरमध्ये नोड हजर दिसतो, पण एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) आत जाता येत नाही. पिंगचं उत्तर कर्नल मेमरीतून देतं. लॉगिनसाठी मात्र डिस्कवरून फाइल वाचावी लागते आणि ती डिस्क तर नेटवर्कच्या पलीकडे आहे. ओपन-आयस्कझीचा (लिनक्सवरच्या आयस्कझी सॉफ्टवेअरचा) रिप्लेसमेंट टाइमआउट, म्हणजे तुटलेलं सेशन परत जुळण्याची वाट पाहायची मुदत, मुळात १२० सेकंदांचा असतो. मल्टिपाथ (एकाच डिस्कपर्यंत एकाहून जास्त वाटा) नसेल तर तेवढ्या वेळानंतर एरर थेट रूट फाइल सिस्टिमपर्यंत येते आणि ती रीड-ओन्ली होते किंवा बंद पडते. ओरॅकल आरएसीत (ओरॅकलच्या डेटाबेस क्लस्टरमध्ये) मात्र लिनक्सवर नेटवर्क हार्टबीटची (नोड एकमेकांना पाठवतात त्या 'मी जिवंत आहे' संदेशाची) मर्यादा ३० सेकंद आणि व्होटिंग डिस्कची (नोड आपली हजेरी लावतात त्या शेअर्ड डिस्कची) २०० सेकंद असते. हे आकडे कुणी एकत्र मांडून बघत नाही, म्हणून धड जिवंत नाही नि धड मेलेला नाही असा नोड तयार होतो. रूट डिस्कला दोन वेगळ्या स्विचांमधून दोन वाटा द्या. मल्टिपाथ असेल तर रिप्लेसमेंट टाइमआउट काही सेकंदांवर आणा, म्हणजे एक वाट तुटताच काम दुसरीवर जाईल. दोन्ही वाटा गेल्या तर रूटसाठी एरर न देता थांबून राहायचं, असं मल्टिपाथला सांगा. मल्टिपाथ आणि आयस्कझी हे दोन्ही इनिटरॅमएफएसमध्ये (रूट डिस्क जोडण्याआधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या बूट इमेजमध्ये) गेले आहेत का, तेही कर्नल अपडेटनंतर दर वेळी पाहा.

अशा वेळी लॉग नोडवर सापडत नाहीत, कारण लिहायला डिस्कच नसते. ते सुरुवातीपासून वेगळ्या मशीनवर सिसलॉगने पाठवा, कर्नलचे संदेश नेटकन्सोलने. आणि चवथीला सगळे आपापल्या गावी जाण्याआधी, लोड चालू असताना एका वाटेची केबल काढून बघा.