५७च्या नमुन्याची जर्मन पदके जमवताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धात मिळवलेली पदके पश्चिम जर्मनीत पुन्हा छातीवर लावता यावीत, यासाठी २६ जुलै १९५७ रोजी कायदा झाला. मुख्य अट होती ती नाझी स्वस्तिक काढून टाकण्याची. त्याप्रमाणे बनलेल्या प्रतींना संग्राहक ‘५७चा नमुना’ म्हणतात. युद्धकाळातल्या पदकांच्या मानाने या प्रती स्वस्त पडतात, म्हणून नवखे लोक संग्रहाची सुरुवात इथून करतात. फसतातही इथेच, कारण युद्धकाळातल्या मालाच्या कसोट्या ते याही मालाला डोळे झाकून लावतात.

५७ हे उत्पादनाचे वर्ष समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. १९५७ हे कायद्याचे वर्ष आहे. या प्रती त्यानंतर कित्येक दशके बनत राहिल्या. विक्रेत्याने ‘१९५७ सालची’ लिहिले, तरी हातात पडणारी वस्तू १९५८ची असू शकते तशीच १९९०ची. किंमत ठरते ती बांधणीवरून. सुरुवातीचा आयर्न क्रॉस (जर्मनीचे क्रॉसच्या आकाराचे शौर्यपदक) जुन्या पद्धतीने तीन भागांत बनलेला असतो: मध्ये काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी, कडेला डाक देऊन जोडलेली चौकट. नंतरच्या स्वस्त प्रतींत गाभा लोखंडाचा नसतो, काही तर एकाच तुकड्याच्या असतात आणि मधल्या भागात नुसता काळा रंग भरलेला असतो. चुंबक चिकटला नाही म्हणजे वस्तू बनावट, असे मात्र नाही, ती उशिराची असू शकते. चिकटला म्हणूनही हुरळून जाऊ नका, आजचे नकलाकारही लोखंड वापरतात. चुंबकाचा निकाल बांधणीच्या जोडीनेच वाचायचा.

क्रॉसच्या खालच्या भुजेवर ‘१९३९’ आणि मागे ‘१८१३’ हे आकडे ५७च्या नमुन्यातही कायम आहेत. ‘१९३९चा अस्सल क्रॉस’ अशी जाहिरात दिसली की आधी मध्यभाग पाहा. स्वस्तिकाच्या जागी ओकची तीन पाने असतील तर तो ५७चा नमुना.

इथे आणखी एक गोंधळ होतो. पहिल्या महायुद्धातल्या १९१४च्या द्वितीय श्रेणीच्या क्रॉसच्या मागच्या बाजूलाही मध्यभागी ओकची तीनच पाने आहेत. विक्रेत्याने फक्त तीच बाजू दाखवली तर घाईत फसगत होते. वर मुकुट, त्याखाली ‘एफडब्ल्यू’ ही प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्मची आद्याक्षरे आणि खाली ‘१८१३’ असेल तर ती १९१४च्या क्रॉसची पाठ समजा. दोन्ही बाजूंचे फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

बदल कुठे झाला, हे न पाहता घेणे

प्रत्येक पदकात बदल वेगळा आहे. युद्धसेवा क्रॉसच्या दर्शनी बाजूला स्वस्तिकाऐवजी ‘१९३९’ आले. जर्मन क्रॉसच्या सुवर्ण श्रेणीत मध्यभागी आयर्न क्रॉस बसवला गेला, तर रौप्य श्रेणीत तलवारींसह युद्धसेवा क्रॉस. जखमी सैनिकांच्या बिल्ल्यावर शिरस्त्राण तसेच राहिले, फक्त त्यावरचे चिन्ह गेले. इथे पुन्हा पहिले महायुद्ध आडवे येते: १९१८च्या बिल्ल्यावरही स्वस्तिक नाही. फरक शिरस्त्राणात आहे. १९१८च्या बिल्ल्यावर जुन्या घाटाचे, कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठळक खुंट्या असलेले शिरस्त्राण दिसते, ५७च्या नमुन्यात नंतरच्या घाटाचे, आखूड काठाचे.

काही वस्तूंवर मुळातच स्वस्तिक नव्हते. एकट्याने रणगाडा उडवणाऱ्याला मिळणारी बाहीवरची पट्टी त्यातलीच. तिथे चित्रावरून युद्धकाळ आणि नंतरचा काळ वेगळा काढता येत नाही. कापड, पत्रा आणि शिवण यांवरच विसंबावे लागते, तेव्हा नवख्याने ती न घेतलेली बरी.

याउलट ऑस्ट्रिया आणि सुडेटनलँड (चेकोस्लोव्हाकियाचा जर्मनभाषक सीमाभाग) ताब्यात घेतल्याची स्मृतिपदके कायद्याने वगळली होती. त्यांचा ‘अधिकृत ५७चा नमुना’ कुणी देऊ केला तर व्यवहार तिथेच थांबवा.

‘प्रदान केलेले पदक’ या कथेला भुलणे

या प्रती सरकारने कुणाला प्रदान केल्या नाहीत. माजी सैनिक मूळ प्रमाणपत्र दाखवून, पदरचे पैसे मोजून त्या विकत घेत. म्हणून सुट्या क्रॉससोबत येणाऱ्या शौर्यकथेला किंमत देऊ नये. किंमत द्यायची ती संचाला: युद्धकाळातले प्रमाणपत्र, सैनिकाचे वेतनपुस्तक आणि त्यातल्या नोंदींशी जुळणारी फितींची पट्टी. पट्टीवर पाच फिती आणि कागद तीनच पदकांचे, तर उरलेल्या दोन कुठून आल्या हे विचारा.

फितींची अदलाबदल

१९३९च्या आयर्न क्रॉसच्या फितीत मध्ये रुंद लाल, बाजूंना पांढरा आणि कडांना काळा रंग असतो. युद्धसेवा क्रॉसची फीत नेमकी उलटी: मध्ये काळा, कडांना लाल. दोन्ही ३० मिलिमीटर रुंद, त्यामुळे चुकीची फीत ओवलेली सहज खपून जाते. नाइट्स क्रॉसची, म्हणजे आयर्न क्रॉसच्या गळ्यात घालायच्या वरच्या श्रेणीची, फीत ४५ मिलिमीटरची.

अतिनील दिव्याखाली फीत चमकली की ‘नकली!’ असा शेरा मारायची सवय युद्धकाळाच्या संग्राहकांना असते. त्यांच्या मालापुरती ती बरोबर आहे, कारण कृत्रिम धागा आणि कापड शुभ्र दिसावे म्हणून वापरली जाणारी रसायने युद्धानंतर सर्रास आली. ५७च्या नमुन्यावर चमकणारी फीत हा दोष नव्हे.

उलट्या दिशेची फसवणूक

५७चा क्रॉस उघडायचा, ओकपानांचा गाभा काढायचा, स्वस्तिकाचा बसवायचा आणि युद्धकाळातला म्हणून विकायचा, हा धंदा जुना आहे. दहापट भिंगाखाली चारही भुजांची टोके आणि चौकटीची सांध बघा. डाक सलग आहे का? कानशीचे ओरखडे, सांधेत केसाएवढी फट, चौकटीलगत उडालेला काळा रंग, यांतले काहीही दिसले तर वस्तू परत करा. सांधेत भरलेला आधुनिक गोंद अतिनील दिव्याखाली बहुधा निळसर चमकतो.

उत्पादकाच्या क्रमांकावरही भिस्त ठेवू नका. लुडेनशाइडच्या स्टाइनहावर अँड ल्यूक या कारखान्याचा युद्धकाळातला क्रमांक ४ होता. हा कारखाना युद्धानंतरही चालू राहिला आणि जुन्या साच्यांवर कामही झाले. त्यामुळे ‘४’ हा ठसा कारखाना सांगेल, वर्ष सांगणार नाही. साच्याला पडलेल्या भेगांच्या खुणा काळानुसार वाढत जातात. अनुभवी संग्राहक क्रमांकाआधी त्या खुणा ताडून पाहतात.

ओतीव नकला ओळखणे त्या मानाने सोपे. पृष्ठभागावर बारीक छिद्रे, पानांच्या बोथट शिरा आणि माप किंचित कमी, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. आयर्न क्रॉसची रुंदी साधारण ४४ मिलिमीटर असते. व्हर्निअरने (सूक्ष्म मापाच्या सरकत्या पट्टीने) दोन्ही दिशांनी मोजा आणि शंका नसलेल्या नगाशी ताडा.

चमकवणे आणि चुकीचे ठेवणे

चांदी उजळण्याच्या द्रावणात क्रॉस बुडवला की ते सांधेतून आत शिरते आणि गाभा आतून गंजतो. महिन्याभराने काळ्या रंगाखाली फोड येतात, त्यावर इलाज नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसा, गाभ्याला रंग देऊ नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून सुटणारा चिकट द्रव तांब्या-पितळेच्या भागांवर हिरवट थर आणतो. त्याऐवजी पॉलिथिलीन किंवा आम्लमुक्त कागद वापरा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात झाकणबंद डब्यात सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ५० टक्क्यांखाली राखा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करायचे.

कायदा

आपल्याकडे उंबरठ्यावर काढतात ते शुभचिन्ह, पण जर्मनीत नाझी स्वस्तिकाचे सार्वजनिक प्रदर्शन दंड संहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा ठरते. संशोधन, शिक्षण, कला अशा कारणांसाठी सवलत आहे. म्हणूनच जर्मन विक्रेते फोटोत ते चिन्ह झाकतात. झाकलेल्या ठिपक्याखाली काय आहे ते खरेदीआधी लेखी विचारून घ्या. तिथे राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी हेही लक्षात ठेवावे, की ५७चा नमुना जवळ बाळगायला हरकत नाही, पण स्वतःला न मिळालेले पदक छातीवर लावून मिरवणे दंडाला पात्र आहे.