मेपलचा रस शनिवारची वाट पाहत नाही: साठवणीतल्या या चुका टाळा

ऑन्टारियोत फेब्रुवारी संपताना रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी शून्याच्या वर जायला लागला, की सिरपसाठी रस काढायला परसातल्या मेपलला भोक पाडणारे नवे मराठी हौशी दरवर्षी दिसतात. भोक कुठे, किती खोल, नळी कुठली याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाठ केलेले असतात. हा रस चुलीवर चढेपर्यंत ठेवायचा कुठे, हे मात्र बादल्या भरल्यावर आठवतं. नंतर ‘आमचं सिरप असं का झालं हो?’ म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर या मधल्या दिवसांत दडलेलं असतं.

‘पाणीच तर आहे, काय होतंय?’

दिसतो पाण्यासारखाच. साखर जेमतेम 2 टक्के, जिभेला धड गोडही लागत नाही. झाडाच्या आत तो जवळजवळ निर्जंतुक असतो. भोकाशी, नळीत आणि बादलीत त्याला जंतू भेटतात आणि त्यांना आयतं साखरपाणी मिळतं. त्यामुळे त्याला दुधासारखं वागवा. 3 अंशांच्या खाली ठेवलात तर काही दिवस निघतात, फार तर आठवडा. उन्हात ठेवलात तर दुसऱ्या दिवशीच गढूळ दिसायला लागेल.

‘शनिवारी एकदमच आटवू’

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि तिच्या जोडीला हटकून येणारी दुसरी: जुन्या रसात नवा ओतत राहणं.

आमच्या एका मित्राने गॅरेजमध्ये मोठं पिंप ठेवलं होतं. रोज संध्याकाळी बादल्या आणायच्या आणि पिंपात रिकाम्या करायच्या. त्यातच मार्चच्या मध्यावर ऊन चढलं. त्यात गॅरेज दक्षिणेकडचं, आणि ऑफिसातून आलेली गरम गाडी रात्रभर पिंपाशेजारी उभी. बुधवारी फोनवर मी म्हटलं, ‘अरे, झाकण उघडून वास तरी घे.’ तो म्हणाला, ‘थोडा आंबूस येतोय, पण उकळलं की जाईल.’ शनिवारी आम्ही जमलो तेव्हा पिंपातला 120 लिटर रस तांदळाच्या धुवणासारखा दिसत होता आणि डाव बुडवून उचलला की त्याला तार सुटत होती. मी म्हटलं, झाडाखाली ओतून दे. मेहनत वाया जाईल म्हणून तो ऐकेना. दिवसभर लाकडं जाळली, फेस काढून काढून हात दुखले आणि संध्याकाळी हाती आला काळपट, चिकट, आंबट-कडू पाक. वहिनींनी एक थेंब चाखला आणि पातेलं थेट बाहेर नेऊन ठेवलं. सोमवारचा ताजा, स्वच्छ रसही त्याच पिंपात गेला होता, म्हणून तोही गेला.

उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांनी आधी करून ठेवलेलं काम तसंच राहतं. त्यांनी सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज केलेलं असतं. आटताना या साखरा लवकर काळवंडतात, आणि असा रस फार बिघडलेला असला तर त्याची मेपल साखरही धड जमत नाही. शिवाय 40 लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. रसात नुसती शंका येण्याइतका आंबूसपणा असला, तरी आटल्यावर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

माझी सवय अशी: प्रत्येक दिवसाचा रस वेगळ्या डब्यात, झाकणावर मार्करने वार लिहिलेला, आणि जुना आधी चुलीवर. डबे घराच्या उत्तरेच्या भिंतीला, बर्फात गळ्यापर्यंत पुरलेले. बर्फ वितळला असेल आणि शनिवार लांब असेल, तर मी कामाच्या दिवशी रात्री बसून रस अर्धवट आटवतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो. झोप मोडते, मोडू दे. ज्यांना आठवड्यातली एक रात्र देता येत नाही, त्यांनी एकाच झाडाला भोक पाडावं. पहिल्याच वर्षी आठ झाडं कशाला हवीत?

बाकीच्या, थोडक्यात

रंगाच्या, साबणाच्या बादल्या कितीही धुतल्या तरी नकोत. लोणच्याची बादली खाद्यपदार्थाची असते खरी, पण तिचा वास जन्मभर जात नाही. जुन्या बाजारातल्या सुंदर जस्ती बादल्या दारात फुलं लावायला घ्या; त्यांचे सांधे जोडणाऱ्या डाकात शिसं असू शकतं आणि साठवलेल्या रसात ते उतरतं.

रस डब्यात भरतानाच फडक्यातून गाळा. साल आणि किडे आठवडाभर भिजत ठेवून शेवटी गाळण्यात अर्थ नाही.

डबा काठोकाठ भरू नका, रात्री गोठून तडकतो. वर धरलेला बर्फाचा पातळ थर मी काढून टाकतो, कारण साखर बहुतेक खालच्या रसात राहते आणि तेवढं लाकूड वाचतं. पण अर्धा डबा गोठला असेल तर बर्फ फेकू नका. त्यात साखर अगदीच नसते असं नाही.

ब्लीचने डबे धुतलेत तर वास पूर्ण जाईपर्यंत खळबळा. ‘टिकायला काहीतरी टाकू का?’ असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर: नाही. पूर्वी झाडाच्या भोकात पॅराफॉर्माल्डिहाइड या जंतुनाशकाच्या गोळ्या घालत. त्याने झाडाला इजा होई. आता अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे त्यावर बंदी आहे.

आणि कळ्या फुगू लागल्या की नळ्या काढा. तेव्हाच्या रसाला मुळातच विचित्र वास असतो, तो फ्रीजमध्ये ठेवून जात नाही.