एका फोटोवरून आजीचा तांब्या

आजीचा पितळी तांब्या वाटण्यांच्या वेळी कुठेतरी गेला. उरलं त्याचं फुलपात्र आणि एक कृष्णधवल फोटो: पाटावर तांब्या, शेजारी तेच फुलपात्र. तेवढ्यावरून मी तांब्याचा आकार परत काढला.

एका फोटोमागे असंख्य आकार असू शकतात, कारण खोली, म्हणजे पुढे-मागचं अंतर, त्यात उरतच नाही. म्हणून एखादी गोष्ट आधीच ठाऊक असावी लागते. तांब्या चहूबाजूंनी सारखा गोल असतो, एवढं पुरतं. झारीची तोटी मात्र अशी निघणार नाही.

फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. डाव्या-उजव्या कडांमध्ये आडव्या रेघा मारून त्यांचे मध्य जोडा. हा अक्ष. कललेला असेल तर फोटो फिरवून तो उभा करा.

आता तोंडाकडे बघा, सगळं गुपित तिथे आहे. गोल तोंड फोटोत लंबगोल दिसतं. माझ्याकडे ते २२० पिक्सेल रुंद, ५५ उंच होतं. भागाकार ०.२५. कॅमेरा जितका वरून बघतोय त्या कोनाचा हा साइन, म्हणजे साडेचौदा अंश. फोटो फार जवळून काढलेला असेल तर हा हिशोब बिघडतो.

उंचीत मी आधी चुकले. सर्वांत खाली दिसते ती बुडाची पुढची कड, मध्य नव्हे. बुडाच्या रुंदीला ०.२५ ने गुणून निम्मं करा. तेवढं वर मध्य. तिथून तोंडाच्या मध्यापर्यंत मोजा आणि ०.९७ ने, म्हणजे त्याच कोनाच्या कोसाइनने, भागा.

फुलपात्राचं तोंड प्रत्यक्षात साडेसात सेंटिमीटर, फोटोत १५० पिक्सेल. म्हणजे पिक्सेलला अर्धा मिलिमीटर, आणि तांब्याचं तोंड ११ सेंटिमीटर!

मग इंकस्केप या चित्र रेखायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बाजूची कड रेखा, उभी मापं वरच्यासारखीच वाढवा आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्क्रू मॉडिफायरने ती अक्षाभोवती ३६० अंश फिरवा. काठाखालचा गळा काठानेच झाकलेला असतो. तेवढ्यासाठी मावशीकडचा त्याच घडणीचा तांब्या हातात घेऊन बघितला.

शेवटी ब्लेंडरचा कॅमेरा साडेचौदा अंश वर ठेवून मॉडेल फोटोवर ठेवा. मॉडेलमधल्या तांब्याचं पोट दोनदा फोटोतल्या कडेबाहेर आलं, तिसऱ्यांदा जुळलं. त्या कडेचा पुठ्ठा कापून तांबट आळीत दिला, आणि पत्र्याची जाडी कळावी म्हणून फुलपात्रही.